एक पोटगी, दोन न्यायालये

त्याच पक्षकारांमधील त्याच मुद्द्यावरचा आधीचा दावा प्रलंबित असताना नंतरच्या दाव्याची सुनावणी थांबवावी, असे दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 10 सांगते. मात्र ते दुसरा दावा दाखल करण्यास मनाई करीत नाही आणि अंतरिम आदेशाच्या, म्हणजे अंतिम निकालापूर्वीच्या तात्पुरत्या आदेशाच्या आडही येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये इंडियन बँक विरुद्ध महाराष्ट्र राज्य सहकारी पणन महासंघ या प्रकरणात स्पष्ट केले आहे. फौजदारी न्यायालयातील पोटगीचा अर्ज तर या अर्थाने दावाच नव्हे. म्हणून त्याला स्थगिती मिळवण्यासाठी कलम 10 पुढे करणे निरर्थक आहे.

पोटगीसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 144 (पूर्वीचे 125), कौटुंबिक हिंसाचार अधिनियम, 2005 चे कलम 20 आणि हिंदू विवाह अधिनियमाची कलमे 24 व 25 असे निरनिराळे मार्ग आहेत, आणि 2005 च्या अधिनियमाने कलम 26 व 36 मध्ये आपली तरतूद इतर कायद्यांना पूरक असल्याचे सांगून ते जाणीवपूर्वक खुले ठेवले आहेत. हिंगणघाट किंवा आर्वीला माहेरी परतलेली स्त्री ती राहते तेथील न्यायालयात पोटगी मागू शकते, तर पती-पत्नीचे शेवटचे एकत्र वास्तव्य नागपूरला असेल तर पती घटस्फोटाची याचिका नागपूरच्या कुटुंब न्यायालयात दाखल करू शकतो, आणि मग तिला तेथेही, याचिका चालू असेपर्यंतच्या खर्चासाठी, कलम 24 खाली अर्ज करावा लागतो. अशा वेळी दुसरे न्यायालय तिने निवडलेले नसते. सोयीचे न्यायालय शोधत फिरल्याचा आरोप तिच्यावर करणे अन्यायाचे आहे.

खरा दोष दोन अर्जांत नसून लपवाछपवीत आहे. नागपूरच्याच कुटुंब न्यायालयात सुरू झालेल्या आणि ज्यात अंतरिम पोटगीचा प्रश्न सात वर्षे रेंगाळला अशा प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. इंदू मल्होत्रा व न्या. आर. सुभाष रेड्डी यांच्या खंडपीठाने 4 नोव्हेंबर 2020 रोजी असे ठरवले की, अर्जदाराने आधीचा अर्ज व त्यावरील आदेश उघड करावा, नंतरच्या न्यायालयाने आधी मंजूर झालेली रक्कम विचारात घेऊन तिची वजावट द्यावी, आणि आधीच्या आदेशात बदल हवा असल्यास तो त्याच कार्यवाहीत मागावा. समजा, दंडाधिकाऱ्यांनी दरमहा 8,000 रुपये मंजूर केले आणि कुटुंब न्यायालयाला 12,000 रुपये योग्य वाटले, तर पतीने एकूण 12,000 द्यायचे, 20,000 नव्हे. पहिला आदेश लपवून मिळवलेले 20,000 कागदावर मोठे दिसतात खरे, पण ते आव्हानात अडकतात, वसुली थांबते आणि मुलांची फी भरण्याची वेळ आली तरी त्या बाईच्या हाती काही पडत नाही.

या निर्णयाने दोन्ही बाजूंना मालमत्ता व दायित्वांचे शपथपत्र बंधनकारक केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून देण्याचा दंडक घातला, त्यामुळे दुसऱ्या न्यायालयात केवळ दबावासाठी जाण्याचे कारणही उरलेले नाही. पत्नीच्या वकिलांनी प्रत्येक पोटगी अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात आधीच्या अर्जाचा क्रमांक, न्यायालय, आदेशाची तारीख आणि प्रत्यक्ष मिळालेली रक्कम नोंदवावी, आणि पतीच्या वकिलांनीही स्थगितीचा अर्ज देण्याऐवजी वजावटीची मागणी करावी.