आधी फेरफार, मग सातबारा

गेल्या शनिवारी कोरेगाव भीमाला गेलो होतो. नगर रोडचं ट्रॅफिक हा वेगळ्या लेखाचा विषय आहे, असो. काम साधंच होतं. आजोबा गेले, त्यांच्या जमिनीवर वारसांची नावं लावायची होती. अर्ज काकांनी आधीच दिला होता. नोटिशीचा कागद हातात घेऊन मी नावं मोजली.

"काका, आत्याचं नाव कुठंय?"

"अरे, राहिलंच की!"

खरंच राहिलं की कसं, यात मी शिरत नाही. आत्या चहा ओतता ओतता एवढंच म्हणाली, "नोटीस आली म्हणून कळलं बाबा." वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच, हे २००५ च्या दुरुस्तीनं स्पष्ट झालंय. आत्याची लेखी हरकत दिली आणि निघालो.

परतताना डोक्यात एकच विचार. सातबारा थेट बदलता आला असता तर? पण तसं होत नाही. तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) बदल आधी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये लिहितो. मग नोटीस, हरकतीसाठी पंधरा दिवस, मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी आणि सगळ्यात शेवटी सातबारा. हल्ली हे ई-फेरफारमध्ये संगणकावर होतं, पण क्रम तोच.

आता आपल्या धंद्यातली गोष्ट. एक्सएमएलचं स्टँडर्ड आलं १९९८ मध्ये. डेटाबेसमधलं एक्सएमएल वाचायची भाषा, एक्सक्वेरी, पक्की झाली २००७ मध्ये. पण तिला फक्त वाचता यायचं! बदल करायची भाषा, एक्सक्वेरी अपडेट, पक्की व्हायला मार्च २०११ उजाडलं. तोवर ज्यानं त्यानं आपापली सोय केली. एसक्यूएल सर्व्हर २००५ मध्ये त्यांची स्वतःची मॉडिफाय मेथड होती.

लिहिणं एवढं अवघड का? कारण ज्या झाडावर चढलोय त्याच्याच फांद्या तोडायच्या असतात. समजा सांगितलं, "प्रत्येक वारसानंतर एक नवा वारस घाल." लगेच घातला, तर पुढच्या पावलाला तो नवा वारसही दिसणार, त्याच्यामागे आणखी एक... हा खेळ संपणारच नाही. १९७६ मध्ये आयबीएममध्ये पंचवीस हजार डॉलरपेक्षा कमी पगारवाल्यांना दहा टक्के वाढ द्यायला गेले आणि सगळेच पंचवीस हजारांच्या वर पोचले! हाच तो हॅलोविन प्रॉब्लेम. तो सापडला तेव्हा तिथे असलेले डॉन चेंबरलिन पुढे एक्सक्वेरी अपडेटच्या संपादकांतही होते.

मी स्वतः एका कामात यादीतून फिरता फिरताच नोड उडवत होतो. एक उडाला की पुढचा सरकून त्याच्या जागी यायचा आणि माझा लूप त्याला ओलांडून जायचा. अर्धे नोड तसेच राहिले. चूक शंभर टक्के माझी.

एक्सक्वेरी अपडेटचा उपाय म्हणजे चक्क फेरफार नोंदवही. इन्सर्ट, डिलीट, रिप्लेस, रिनेम, काहीही लिहा, लगेच काहीच बदलत नाही. सगळं एका यादीत जमा होतं आणि क्वेरीला शेवटपर्यंत जुनंच झाड दिसतं. एकाच नोडला दोन वेगवेगळे रिप्लेस आले तर एरर. सगळं जुळलं तरच यादी एकदम लागू होते.

इथपर्यंत उत्तम. माझी तक्रार पुढे आहे. काम झालं की ही यादी फेकून दिली जाते. सातबाऱ्यावर मात्र फेरफार क्रमांक राहतो. कमी झालेलं नावही दिसत राहतं, पूर्वी कंसात, आता आडव्या रेघेखाली. कुणी, कधी, कशाच्या आधारे बदललं हे शोधता येतं.

"ते डेटाबेसच्या लॉगचं काम," असं तुम्ही म्हणाल. लॉग मशीन पडलं तर सावरण्यासाठी असतो. आत्याला त्याचा काय उपयोग? तिला बदल लागू व्हायच्या आत कळायला हवं होतं.

भाषा बनवणाऱ्यांनी अर्धा फेरफार दिला. नोटीस आणि इतिहास हा उरलेला अर्धा आपल्याला लिहावा लागतो, आणि डेडलाइन आली की आपण नेमका तोच गाळतो. सोमवारी ऑफिसात गेलात की एवढंच बघा: तुमच्या सिस्टीममधून उद्या कुणाचं नाव गळणार असेल, तर त्या माणसाला आज कळेल का?