गाजर गवताची खाज आणि तेलाची बाटली

अंगाला खाज, पुरळ, ॲलर्जी? दोन थेंब लावा, शंभर टक्के नैसर्गिक, साईड इफेक्ट शून्य! लव्हेंडर, टी ट्री, कॅमोमाइलच्या अशा जाहिराती यवतपासून केडगावपर्यंत सगळ्यांच्या मोबाईलवर येतात. बोटभर बाटलीला बाईची दिवसाची मजुरी जाते. म्हणून लिहितोय.

आपल्याकडे ही खाज बहुतेक वेळा कुठून येते? उसाच्या बांधावर, कालव्याच्या भरावावर, हायवेच्या कडेला पांढऱ्या फुलांचं जे माजलंय, त्या गाजर गवतातून. काँग्रेस गवत म्हणा, चटकचांदणी म्हणा. पुण्यात ते १९५५-५६ च्या सुमारास नजरेत आलं. अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं म्हणतात. खुरपणीला जाणाऱ्या बायांच्या पापण्या, मान, कोपराच्या घड्या बघा. कातडी जाड, काळी, भेगाळलेली. त्या गवतातलं पार्थेनिन हे द्रव्य त्याला कारण. म्हणजे खाज आणणारंही शंभर टक्के नैसर्गिकच की!

गंमत पुढे आहे. गाजर गवत, शेवंती, सूर्यफूल आणि कॅमोमाइल एकाच कुळातली. एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्याची होऊ शकते. तेच कॅमोमाइल 'त्वचा शांत करतं' म्हणून विकतात. टी ट्री आणि लव्हेंडरची तेलं उघडी राहिली की हवेने बदलतात, आणि त्या बदललेल्या तेलानेच काहींना नवी ॲलर्जी धरते. सोललेल्या कातडीवर तर विचारूच नका.

लगेच कोणी म्हणेल, आजीच्या औषधाला नावं ठेवतोय. नाही हो. आजीचं तेल घाण्यावरचं, हे वाफेवर काढलेला तीव्र अर्क. दोन्ही एक नव्हेत. मुरमांवर टी ट्रीचा थोडाफार उपयोग होतो, तेही मान्य. पण खाजेचं मूळ कारण रोज अंगावर उडत असताना बाटली काय करणार?

दुसरं टोकही वाईटच. मेडिकलमधून परस्पर आणलेलं गोरं करणारं मलम. त्यात स्टेरॉइड असतं. २०१८ पासून अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, तरी मिळतात. कातडी पातळ होते, मग सोडता येत नाही. खाज पंधरा दिवसांत हटली नाही तर त्वचारोगाच्या डॉक्टरकडे जा. पॅच टेस्टमध्ये पाठीवर पट्ट्या लावतात, दोन दिवसांनी काढून बघतात, नेमकं कशाची ॲलर्जी ते कळतं.

आणि गावाचं काम? एका झाडाला दहा हजारांच्या वर बी येतं. फुलल्यावर उपटलं की बी आणि परागही उडतात. जबलपूरची तणसंशोधन संस्था दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट गाजर गवत सप्ताह पाळते. आपल्याकडे फोटोपुरता होतो. पालखीच्या आधी रस्ता साफ करतोच ना आपण? त्याच वेळी, फुलोरा यायच्या आत, ग्रामपंचायतीने कालव्याचा भराव आणि शाळेमागची जागा उपटून घ्यावी. उपटणाऱ्या बायांना हातमोजे आणि तोंडाला फडकं आधी द्यावं, मग कामाला लावावं.