तिथे कोणता देव आहे?

देवाला जायचे म्हटले की घरातून होकार मिळतो. मोहटादेवी म्हणा, पंढरपूर म्हणा. पण नगरहून आम्ही पंधराजणी चौल-रेवदंड्याला निघालो तेव्हा घराघरांतून एकच प्रश्न आला, "तिथे कोणता देव आहे?"

देव आहेत. चौलला रामेश्वर आहे, टेकडीवर दत्त आहे. तिघींनी दत्ताचे नाव सांगूनच परवानगी काढली. ऐकून हसू आले, मग रागही आला. समुद्र बघायचाय, एवढे कारण बाईला का पुरू नये?

वास्तविक चौलशी नगरकरांचे नाते जुने. हे निजामशाहीचे बंदर. १५२१ साली पोर्तुगिजांना इथे वखार-कोटाची मुभा मिळाली ती बुऱ्हाण निजामशहाकडूनच. पुढे १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने त्याच पोर्तुगिजांना वेढा घातला, पण कोट काही हाती आला नाही. शाळेत आम्ही चांदबिबीचा लढा पाठ केला. तिच्या राज्याला समुद्र होता, हे मात्र पन्नाशीत कळले!

आज रेवदंड्याच्या तटाच्या आत घरे आहेत, नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. सातखणी म्हणतात त्या पडक्या मनोऱ्याखाली आम्ही भाकरी सोडल्या. आमच्यातली एक साठीची मैत्रीण आयुष्यात पहिल्यांदा लाटेत उभी राहिली आणि तासभर बाहेर येईना. कुणी तिला हाकही मारली नाही. बाजारात मासळी विकणाऱ्या बाईने विचारले, "एकट्याच आलात?" पंधराजणी होतो आम्ही!

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. संडास कुठे मिळेल याची खात्री नाही, म्हणून सकाळपासून निम्म्याजणी पाणीच प्यायल्या नव्हत्या. वाटेत एका ठिकाणी होता, त्याला कुलूप. पर्यटनाच्या जाहिरातीत किल्ले असतात, किनारे असतात. बाईने दिवसभर जायचे कुठे, हे नसते. आपल्या मागणीपत्रांत तरी ते कितीदा असते? शिबिरे आपण पुष्कळ घेतो, पण निव्वळ मजेसाठी बायकांना बाहेर काढणे आपल्यालाही अजून चैन वाटते.

मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले. परवानगी अजून पुरीच काढावी लागते.

पुढच्या खेपेला कोर्लईचा किल्ला चढायचा आहे. यायचे असेल त्यांनी जरूर कळवा. दत्ताचे नाव सांगून निघायचे नाही, एवढी एकच अट.