देहातला आनंद आणि बाटलीतला

परवा सकाळी फिरणे आटोपून आमची नेहमीची पेन्शनर मंडळी बागेतल्या बाकावर विसावली होती. एका मित्राने खिशातून छोटी बाटली काढली आणि जिभेखाली दोन थेंब सोडले. भांगेच्या झाडापासून काढलेले तेल. गुडघ्यांसाठी, झोपेसाठी आणि मनाच्या शांतीसाठी. त्याच्या मुलाने मागवून दिलेले. वर विक्रेत्याचा युक्तिवादही त्याने आम्हाला ऐकवला : ''अरे, हे द्रव्य आपल्या शरीरातच असतं. मग बाहेरून घेतलं तर बिघडलं कुठे?''

युक्तिवाद बिनतोड वाटतो. त्याचा पहिला अर्धा भाग बराचसा खराही आहे. म्हणूनच दुसऱ्या भागाकडे नीट पाहिले पाहिजे.

गांजातले नशा आणणारे मुख्य द्रव्य, टीएचसी, १९६४ मध्ये इस्रायलच्या राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी शुद्ध स्वरूपात वेगळे केले. मात्र ते मेंदूत नेमके चिकटते कोठे, हे कळायला १९८८ साल उजाडले. अमेरिकेत ॲलिन हाउलेट आणि विल्यम डिव्हेन यांनी उंदराच्या मेंदूत त्याचे ग्राहक दाखवून दिले. मग प्रश्न असा पडला, की निसर्गाने प्राण्याच्या मेंदूत गांजासाठी कुलूप कशाला बसवावे? कुलूप आहे त्याअर्थी देहाची स्वतःची किल्लीही असणार. ती १९९२ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात, डुकराच्या मेंदूतून सापडली. शोधकांनी तिला नाव दिले आनंदामाइड. आपल्या संस्कृत 'आनंद' शब्दावरून. तीन वर्षांनी टू-एजी हे दुसरे द्रव्य हाती आले. म्हणजे देहात असतात ती गांजातल्या द्रव्यांची भाऊबंद. ती द्रव्ये नव्हेत.

या भाऊबंदांची रीत मोठी विलक्षण आहे. मेंदूतले बहुतेक निरोपे छोट्या पिशव्यांत साठवून ठेवलेले असतात. आनंदामाइडचा असा साठा नसतो. गरज पडली की पेशीच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थातून ते तिथल्या तिथे तयार होते. शिवाय ही द्रव्ये उलट्या दिशेने काम करतात : निरोप घेणारी पेशी पाठवणाऱ्या पेशीला त्यांच्याकरवी कळवते, की आता पुरे. हे २००१ मध्ये स्पष्ट झाले. काम झाले की एक विकर आनंदामाइडची लगेच मोडतोड करते. माझा जन्म बँकेत गेला. मागणीनुसार रक्कम द्यायची आणि त्याच दिवशी हिशेब मिटवायचा, असा व्यवहार मला चटकन समजतो. वेदना, भूक, भीतीची आठवण, झोप, सूज, आतड्यांची हालचाल अशा अनेक खात्यांत हा व्यवहार चालू असतो.

एका खात्यात हात घालायला जावे तर दुसरीकडे काय होते, हे दोन औषधांनी दाखवले. भूक वाढवणारे ग्राहक बंद करून वजन उतरवणारे रिमोनाबँट हे औषध २००६ मध्ये युरोपात मंजूर झाले. वजने उतरली, पण त्याबरोबर काहींना नैराश्याने घेरले, आत्महत्येचे विचार येऊ लागले. २००८ मध्ये ते बाजारातून काढले गेले आणि २००९ मध्ये भारतातही त्यावर बंदी आली. दुसरी कल्पना उलट होती : आनंदामाइडची मोडतोडच थांबवावी. असे एक औषध जानेवारी २०१६ मध्ये फ्रान्समधल्या रेन शहरात निरोगी स्वयंसेवकांवर तपासले जात होते. एक जण आजारी पडून रुग्णालयात गेला, तरी दुसऱ्या सकाळी उरलेल्या पाच जणांना पुढचा डोस देण्यात आला. त्या पहिल्या माणसाचा मृत्यू झाला. औषध इतर विकरांनाही चिकटत होते, असे पुढे आढळले. त्याच वर्गातली इतर औषधे निर्धोक ठरली होती हे खरे. पण त्यांतल्या एकाची चाचणी गुडघ्याच्या संधिवातावर झाली आणि तिचा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला : रक्तातले आनंदामाइड वाढले, दुखणे मात्र नकली गोळीइतकेच राहिले.

गांजाच्या झाडातून औषध निघूच शकत नाही, असे मी म्हणत नाही. त्यातले सीबीडी हे द्रव्य २०१८ मध्ये अमेरिकेत बालवयात सुरू होणाऱ्या दोन दुर्मीळ प्रकारच्या अपस्मारांवर रीतसर मंजूर झाले. त्यामागे चाचण्या होत्या, मोजलेला डोस होता, यकृतावर नजर ठेवण्याची ताकीद होती. बाजारातल्या बाटलीमागे यांतले काय असते? नुसत्या बियांच्या तेलात तर सीबीडी जवळजवळ नसतेच. ते घेणारा खाद्यतेलाला औषधाची किंमत मोजतो. आणि बाटलीत सीबीडी खरोखरच असेल, तर चिंता अधिक. वॉर्फरिनसारख्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा परिणाम ते वाढवू शकते, आणि मग रक्तस्रावाचा धोका संभवतो.

माझा मित्र गेली काही वर्षे हीच गोळी घेतो. तेलाबद्दल त्याने डॉक्टरांना सांगितले नव्हते. ''त्यात काय सांगायचं, झाडपाल्याचंच तर आहे,'' असे त्याचे म्हणणे.

माझा राग मित्रावर नाही. दुखणाऱ्या गुडघ्याला आधार हवाच असतो. राग आहे तो विज्ञानातले अर्धे वाक्य उचलून दुखऱ्या माणसाला विकणाऱ्यांवर. प्रत्येक बाटलीवर कोणते द्रव्य किती आहे आणि कोणत्या औषधाबरोबर ती घेऊ नये, हे ठळक मराठीत छापण्याची सक्ती व्हायला हवी. आणि ही सक्ती होईपर्यंत घरातल्या मुलांनी बाटली मागवण्याआधी वडिलांच्या गोळ्यांचा डबा एकदा उघडून पाहावा.

मित्राला मी एवढेच म्हटले, ''बाटली फेकू नकोस. उद्या डॉक्टरांकडे घेऊन जा.'' त्याने ती खिशात ठेवली. तो जाईल की नाही कोण जाणे. म्हणून मीही त्याच्याबरोबर जाणार आहे.