दुःखाची पावती मागणारी अपिलं

आमच्या घरात एक अपील सहा वर्षांपासून राहतंय. २०१६च्या दिवाळीआधी हायवेवर एका ट्रकने आईच्या रिक्षाला मागून उडवलं. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो, बहीण दहावीला. क्लेमची केस २०१९मध्ये आमच्या बाजूने लागली आणि विमा कंपनीने लगेच वरच्या कोर्टात अपील केलं. तेव्हापासून मला अपघाताच्या भरपाईचे निकाल वाचायची सवय लागली. आधी आपल्याकडचे वाचले, मग बाहेरचे. त्यातला टेक्सासचा एक निकाल मात्र डोक्यातून जात नाही.

नोव्हेंबर २०१३ची रात्र. टेक्सासमध्ये अमारिलो शहराच्या परिसरात इंटरस्टेट ४० या हायवेवर डोळ्यांना दिसत नाही असा पातळ बर्फ साचला होता. न्यू प्राइम नावाच्या मोठ्या वाहतूक कंपनीचा अठरा चाकी ट्रक घसरला, दुमडला आणि रस्त्यात आडवा झाला. मागच्या गाड्या एकामागून एक येऊन आदळल्या. मेलेल्यांत एक जण स्वतःच ट्रकचालक होता. त्याच्या मागे बायको, तीन मुलं आणि आईवडील.

डॅलसच्या ज्युरीने या कुटुंबाला जी भरपाई दिली, त्यात बुडालेल्या कमाईचा भाग लहान होता. मानसिक यातना आणि सोबत गमावल्याबद्दलची रक्कमच दीड कोटी डॉलरहून जास्त होती. कंपनीने अपील केलं. मधल्या कोर्टात ती हरली. १६ जून २०२३ रोजी टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला आणि खटला नव्याने चालवायला सांगितला. त्याला एक तांत्रिक कारणही होतं: दोषाच्या वाटणीत आणखी एका कंपनीचं नाव ज्युरीसमोर यायला हवं होतं, ते येऊ दिलं गेलं नव्हतं. पण गाजलं ते दुसरं कारण. मुख्य निकालपत्र म्हणतं, की दुःख झालं एवढं सिद्ध करून भागणार नाही. ‘इतकेच डॉलर का?’ याचंही तर्कशुद्ध कारण पुराव्यातून दिसायला हवं.

खरं सांगतो, पहिल्या वाचनात मी कोर्टाच्या बाजूने होतो. मी कोड लिहून पोट भरतो. कुठून आला ते सांगता येत नाही असा आकडा रिव्ह्यूमध्ये दिसला, की मी तो परत पाठवतो. आणि या खटल्यात कुटुंबाच्या वकिलाने ज्युरीला जे सांगितलं ते वाचून तर हसू आलं. ७ कोटी १० लाख डॉलरचं बोईंगचं एफ-१८ लढाऊ विमान, १८ कोटी ६० लाख डॉलरला गेलेलं रॉथकोचं चित्र, आणि कंपनीचे ट्रक त्या वर्षी जे ६५ कोटी मैल धावले त्यातल्या प्रत्येक मैलामागे दोन सेंट. मेलेल्या माणसाचा विमानाशी काय संबंध? कोर्टाने हे फटकारलं ते योग्यच केलं.

मग मी आमची फाइल पुन्हा उघडली.

आपल्याकडे ज्युरी नाही. क्लेम न्यायाधिकरणात एकच न्यायाधीश असतात, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ आणि २०१७च्या निकालांनी घालून दिलेलं कोष्टक असतं. आईचा हिशोब असा झाला. गृहीत उत्पन्न महिना ६,००० रुपये. पुढे वाढलं असतं म्हणून २५ टक्के, म्हणजे ७,५००. वर्षाचे ९०,०००. तिचा स्वतःचा खर्च म्हणून एक तृतीयांश वजा, राहिले ६०,०००. वय ४४, म्हणून गुणक १४. झाले ८ लाख ४० हजार. शिवाय आम्हा तिघांना तिच्या सहवासाचे प्रत्येकी ४०,०००, अंत्यविधीचे १५,००० आणि मालमत्तेच्या नुकसानीचे १५,०००. एकूण ९ लाख ९० हजार.

टेक्सासच्या कोर्टाला हवी असलेली प्रत्येक गोष्ट इथे आहे. प्रत्येक ओळीला कारण, प्रत्येक कारणामागे वरच्या कोर्टाचा आधार. लढाऊ विमान नाही, चित्र नाही. तरी अपील झालंच. विमा कंपनीला सूत्र मान्य होतं, तिने फक्त इनपुट बदललं. गृहिणीचं उत्पन्न ३,०००च धरा, आणि गृहिणीला कसली आली भविष्यातली वाढ? त्यांच्या हिशोबाने आई ४ लाख ८६ हजारांची.

उलटतपासणीत त्यांच्या वकिलांनी बाबांना विचारलं होतं, “तुमच्या पत्नीच्या उत्पन्नाचा काही पुरावा? रिटर्न, बँकेचं स्टेटमेंट?”

बाबा म्हणाले, “वही आहे, साहेब.”

आई ब्लाऊज शिवायची, पिको-फॉल करायची. वहीत मापं होती, दर होते, कोणाचे किती बाकी ते होतं. वहीवर कोणाची सही नव्हती, म्हणून ती पुरावा ठरली नाही. पहाटे साडेपाचपासून रात्री अकरापर्यंत ती जे करायची त्याची तर वहीसुद्धा नव्हती.

इथे माझं मत बदललं. ‘आकड्याला कारण द्या’ ही मागणी ऐकायला समंजस वाटते. पण दुःखाला बाजारभाव नसतो, हे ते कोर्टही मान्य करतं. मग कोणती कारणं टिकतील? त्याच निकालपत्रात इशारे आहेत: मन कोलमडल्यामुळे होणारे आर्थिक परिणाम, किंवा ठरावीक रकमेने कुटुंबाला सावरायला मदत होईल असा पुरावा. सरळ मराठीत सांगायचं तर बिलं. समुपदेशनाचं बिल, बुडालेला पगार. ज्याच्याकडे बिलं आहेत त्याचं दुःख तर्कशुद्ध, ज्याच्याकडे वही आहे त्याचं भावनिक. मागणी सगळ्यांना सारखीच, पण ती पूर्ण करता येते ती कागद सांभाळणाऱ्या वर्गालाच.

यातली कायद्याची एक खोच बघा. टेक्सासच्या संविधानानुसार तथ्यांच्या प्रश्नांवर मधल्या अपील कोर्टाचा शब्द अखेरचा असतो. ‘ज्युरीने जरा जास्तच दिले’ असं म्हणून सर्वोच्च न्यायालय रक्कम कापू शकत नाही. मात्र ‘या रकमेला पुरावाच नाही’ असं म्हटलं, की तो कायद्याचा प्रश्न होतो आणि दार उघडतं. म्हणजे ‘कारण कुठे आहे?’ हा प्रश्न निरागस नाही. तो विचारल्याने निर्णयाची जागा बदलते: आठवडेच्या आठवडे समोर बसून साक्षी ऐकलेल्या बारा माणसांकडून तो कागद वाचणाऱ्या न्यायाधीशांकडे जातो. मुख्य निकालपत्रातल्या या भागाला न्यायालयाचं बहुमतही मिळालं नाही. निकालावर सगळे एकत्र होते, कारणांवर नव्हते. तरी ट्रक कंपन्यांच्या वकिलांना नवं हत्यार मिळालंच.

ट्रक उद्योगाचं म्हणणंही ऐकू. १ कोटी डॉलरच्या वरच्या निवाड्यांना ते ‘न्यूक्लियर व्हर्डिक्ट’ म्हणतात. जणू बॉम्ब कंपनीवर पडला आणि हायवेवर काही झालंच नाही. विमा महागतो, छोटे मालक बुडतात, अशी तक्रार असते. ती सगळीच खोटी नाही. पण अमेरिकेत साध्या मालवाहू ट्रकला किमान साडेसात लाख डॉलरचा विमा लागतो, आणि हा आकडा १९८०च्या दशकापासून हललेला नाही. चाळीस वर्षांत दवाखाना, घर, ट्रक, डिझेल सगळं महाग झालं. या आकड्याचं तर्कशुद्ध कारण कोणी मागितलं का? कारणं फक्त विधवेने द्यायची?

प्रत्येक अपील वाईट असतं असं मी म्हणत नाही. टेक्सासचंच दुसरं प्रकरण घ्या. ३० डिसेंबर २०१४, ओडेसाजवळ इंटरस्टेट २०. बर्फावर एक पिकअप घसरला आणि मधली ४२ फुटांची पट्टी ओलांडून समोरून येणाऱ्या वर्नर एंटरप्रायझेसच्या ट्रकवर गेला. सात वर्षांचा मुलगा गेला, बारा वर्षांच्या मुलीचे हातपाय कायमचे निकामी झाले. ट्रक आपल्या लेनमध्ये होता, पण तशा हवामानात ताशी ५० मैलांच्या वर होता. चालक शिकाऊ होता आणि त्याला शिकवणारा मागे झोपलेला. २०१८मध्ये ज्युरीने जवळपास ९ कोटी डॉलर दिले. जून २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळे रद्द केले: अपघाताचं खरं कारण पिकअपचं घसरणं, ट्रकचा वेग नव्हे. वाचून घशात आवंढा येतो. तरी हा प्रश्न कोर्टाने विचारायलाच हवा. दोष कोणाचा, हे कारणाशिवाय ठरवता येत नाही. पण दोष ठरल्यावर दुःख किती, हा वेगळ्या जातीचा प्रश्न आहे. त्याला पहिल्या प्रश्नाचीच फूटपट्टी लावली, की उत्तर नेहमी एकाच बाजूला झुकतं.

मग मनमानी चालू द्यायची का? नाही. विमानाची आणि चित्राची तुलना वकील करत असतानाच न्यायाधीशाने थांबवावी, दहा वर्षांनी अपिलात नाही. रक्कम खरंच भरमसाट असेल तर ‘इतकी कमी घ्या, नाहीतर नवा खटला’ असं सांगायची सोय टेक्सासमध्ये जुनीच आहे. ती वापरा. पण मग कापणाऱ्याने लिहावं की दीड कोटी जास्त असतील तर किती बरोबर आणि का. बारा माणसांकडे कारण मागणाऱ्याला स्वतःच्या आकड्याचं कारण देता यायला हवं. नाही देता आलं, तर अडचण ज्युरीची नाही, प्रश्नाचीच आहे.

आणि वेळेचा हिशोब धरा. टेक्सासमध्ये निवाडा कितीही मोठा असो, अपील चालू असेपर्यंत वसुली थांबवायला द्यावी लागणारी हमी जास्तीत जास्त अडीच कोटी डॉलरची. कंपनीसाठी अपील म्हणजे ताळेबंदातली एक ओळ. कुटुंबासाठी ती मुलांच्या कॉलेजची वर्षं असतात. आमच्याकडे ४ लाख ८६ हजारांवर तर वादच नव्हता, ती रक्कम खुद्द विमा कंपनीचीच होती. तरी जमा झालेल्या पैशातले निम्मे हातात यायला २०२१ उजाडलं. तोवर माझी फी मामांनी भरली आणि बहिणीने सायन्स सोडलं. जो भाग दोन्ही बाजूंना मान्य आहे तो पहिल्याच महिन्यात द्या, उरलेल्यासाठी खुशाल भांडा. एवढा एक नियम झाला तरी अर्धी अपिलं आपोआप गळतील, असं मला वाटतं.

जानेवारी २०२१मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की गृहिणीच्या गृहीत उत्पन्नातही भविष्यातली वाढ धरायची. म्हणजे आमच्या अपिलातला अर्धा मुद्दा तेव्हाच संपला. अपील संपलेलं नाही. मागच्या महिन्यात वकीलसाहेबांना फोन केला तर म्हणाले, “बोर्डावर आलं की कळवतो. आणि ती वही जपून ठेव रे, लागली तर लागेल.”

वही कपाटात आहे. शेवटच्या पानावर सातव काकूंच्या दोन ब्लाऊजचं माप आहे आणि पुढे आईच्या अक्षरात लिहिलंय: १५० बाकी. काकू ते पैसे तेराव्यालाच देऊन गेल्या. त्यांच्याकडे कोणी पुरावा मागितला नव्हता.