गांजाने भूक लागते, मग खाण्याच्या आजारावर तो औषध का नाही?

एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडसारख्या गावात एखादी मुलगी बारीक होत चालली, की पहिली शंका कुपोषण, सिकलसेल किंवा टीबीची येते. ती रास्तच आहे. पण जेवण टाळणं हा मनाचा आजारही असू शकतो. त्याला ॲनोरेक्सिया म्हणतात. त्यावर 'गांजा घ्या, भूक लागेल' असा सल्ला सोशल मीडियावर फिरतो. त्यात तथ्य किती?

भूक का लागते?

गांजातला टीएचसी हा घटक मेंदूतल्या भुकेशी संबंधित केंद्रांवर काम करतो. त्याचंच कृत्रिम रूप असलेल्या ड्रोनॅबिनॉल या औषधाला अमेरिकेत १९९२ साली एड्सच्या रुग्णांची भूक वाढवण्यासाठी मान्यता मिळाली.

मग ॲनोरेक्सियात काय अडतं?

इथे मूळ अडचण भुकेची नसते, वजन वाढण्याच्या भीतीची असते. डेन्मार्कमध्ये दीर्घकाळ आजारी असलेल्या २५ महिलांवर ड्रोनॅबिनॉलची चाचणी झाली. २०१४ साली तिचे निष्कर्ष आले. चार आठवड्यांत खोट्या गोळीच्या तुलनेत वजन सुमारे पाऊण किलोने जास्त वाढलं. आजाराबद्दलच्या विचारांत मात्र ठळक फरक पडला नाही. शिवाय ते मोजून दिलेलं औषध होतं, चिलमीतला गांजा नव्हे. किशोरवयात गांजामुळे भ्रम आणि मानसिक आजारांचा धोका वाढतो.

कायदा काय सांगतो?

१९८५ च्या एनडीपीएस कायद्यानुसार झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा. नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणूनच पानांपासूनची 'विजया' नावाची आयुर्वेदिक औषधं मिळतात. तीही वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. वैद्यकीय वापराला परवान्याची वाट आहे, पण घरात सापडलेल्या गांजाला 'औषधासाठी ठेवला' हे कारण वाचवत नाही. २० किलोपेक्षा जास्त साठ्याला किमान १० वर्षांची शिक्षा आहे.

मग करायचं काय?

आधी रक्त, वजन आणि टीबीची तपासणी. बराच काळ उपाशी असलेल्याला एकदम भरपूर खाऊ घालणंही जिवावर बेतू शकतं. आहार डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू वाढवावा लागतो. सोबत समुपदेशन आणि घरच्यांचा सहभाग लागतो. सूरजागडहून जिल्ह्याचं ठिकाण शंभर किलोमीटरहून लांब आहे. तिथे जाण्याआधी १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येतं.