धुणाऱ्या हातांचा हिशेब

व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये त्यांच्या प्रसूतिकक्षात शंभरातल्या १८ बाळंतिणी दगावल्या होत्या. जूनमध्ये हे प्रमाण २ वर आले. हात धुण्याचा इतिहास आपण इथून सांगतो आणि वाचलेले जीव मोजतो. ज्या हातांनी ते जीव वाचवले त्यांची कातडी किती सोलवटली, याची नोंद सहसा होत नाही.

एक नोंद मात्र झाली. १८८९-९० च्या सुमारास बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात शस्त्रक्रियागृहाच्या प्रमुख परिचारिका कॅरोलाइन हॅम्प्टन यांचे हात पाऱ्याच्या क्षाराच्या जंतुनाशक द्रावणाने इतके चिघळले, की काम चालू ठेवणे कठीण झाले. सर्जन विल्यम हॉलस्टेड यांनी गुडइयर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. कातडी वाचवण्यासाठी आलेल्या त्या मोज्यांनी रुग्णांच्या जखमा चिघळणेही कमी होते, हे पुढल्या दशकात दिसून आले. धुणाऱ्याची काळजी घेतली, तर रुग्णाचेही भले होते.

हा धडा रुजायला शतक गेले. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये हातांच्या स्वच्छतेची मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यातल्या हँडरबच्या (हातांवर चोळायच्या जंतुनाशक द्रावणाच्या) एका कृतीत ८० टक्के इथेनॉलबरोबर १.४५ टक्के ग्लिसरॉल आहे, ते कातडीसाठी. त्यामागचा विचार व्यवहारी आहे. साबण मळाबरोबर त्वचेतले नैसर्गिक तेलही काढून नेतो; पाणी उडून जाते, भेगा पडतात. भेगाळलेल्या हातावर जंतू अधिक टिकतात, आणि चरचरणारा हात माणूस धुवायचे टाळतो.

उपाय साधे आहेत. कढत पाण्याऐवजी कोमट पाणी घ्यावे, साबण पूर्ण धुऊन काढावा, हात न घासता टिपून कोरडे करावेत आणि लगेच बिनवासाचे क्रीम किंवा पेट्रोलियम जेली लावावी. रात्री जाड थर द्यावा. भांडी घासताना हातमोजे घालावेत, पण कोरड्या हातावर. भेगांतून रक्त किंवा पू येत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

पण या उपायांना पैसे लागतात, आणि ते कुणी द्यायचे, हा खरा प्रश्न आहे. कोविडच्या काळात आपण दारोदारी सॅनिटायझर ठेवले. वॉर्डातल्या परिचारिकेला, सफाई कामगाराला, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला क्रीमची डबी किती जणांनी दिली? रुग्णालयांनी साबणाच्या खरेदीतच क्रीम आणि हातमोजे धरावेत. घरमालकांनीही तेच करावे. स्वच्छतेचा खर्च धुणाऱ्याच्या कातडीतून वसूल करणे बंद झाले पाहिजे.